पंचवीस वर्षं तेल नको, मग जहाज बंदरात येतंच कशाला?

राजापूरकडच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नेव्हीत जायचा विचार चाललाय. अमेरिकेच्या अणुऊर्जेवरच्या विमानवाहू जहाजाला पंचवीस वर्षं इंधन भरावं लागत नाही, असं वाचलं. मग ते बंदरात येतंच कशाला? पाच हजार माणसं अणुभट्टीच्या शेजारी झोपतात, त्यांना किरणोत्सर्गाचा त्रास होत नाही? आणि हे एवढं चांगलं असेल तर आपल्या विक्रांतला का नाही बसवली?"

तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान असणार, म्हणून अरे-तुरे करतो. आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी नेव्हीतली बहुतेक नोकरी वाफेच्या जहाजांवर गेली, त्यातला मोठा भाग विराट या आपल्या जुन्या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये आणि इंजिन रूममध्ये, आर्टिफिसर म्हणजे यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणून. आता वेंगुर्ल्याला घरी असतो. अणुभट्टीच्या वॉचला, म्हणजे पाळीच्या पहाऱ्याला, मी कधी उभा राहिलेलो नाही. आपल्याकडे ते पाणबुडीवाल्यांचं काम. पण अणुजहाजातसुद्धा भट्टीच्या पुढचा सगळा संसार वाफेचाच असतो. टर्बाइन, वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर, गिअरबॉक्स, पंखा फिरवणारा शाफ्ट, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. तेव्हा भट्टीच्या आतलं जे सांगेन ते छापून आलेल्या माहितीवरून, आणि बाकीचं अनुभवावरून.

तुझे प्रश्न तीन दिसतात, पण मुळात अडचण एकच आहे. जहाज समुद्रात किती दिवस राहणार हे त्याच्या इंजिनाचं इंधन ठरवतं, असं तू धरून चालला आहेस. रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या कुठल्याही तांडेलाला विचार, ट्रॉलर परत का फिरतो. बहुतेक वेळा टाकीत डिझेल असतं, बर्फ संपत आलेला असतो. विमानवाहू जहाजाचा बर्फ म्हणजे विमानांचं इंधन, दारूगोळा, सुटे भाग, रेशन आणि माणसांची सहनशक्ती. अणुभट्टी यातलं काहीही तयार करत नाही.

आकडे बघ. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाची जहाजं सुमारे एक लाख टनांची, ३३३ मीटर लांब. त्यांत दोन अणुभट्ट्या असतात, आणि पन्नास वर्षांच्या आयुष्यात इंधन एकदाच, साधारण मध्यावर बदलतात. तुझी पंचवीस वर्षं ती हीच. पण त्याच जहाजाच्या पोटात विमानांसाठी ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी दहा लाख लिटरच्या वर केरोसीनच्या जातीचं इंधन असतं. जोरात उड्डाणं सुरू असली की ते काही दिवसांत इतकं उतरतं की पुरवठा जहाज शेजारी बोलवावंच लागतं. दोन्ही जहाजं पन्नासेक मीटरच्या अंतराने समांतर चालतात, मधे तारा आणि नळ्या ताणलेल्या. आमच्याकडे त्याला 'रास' म्हणतात, म्हणजे 'रिप्लेनिशमेंट ॲट सी', समुद्रातच माल भरून घेणं. त्या वेळी इंजिन रूमला शाफ्टच्या एका फेऱ्याचा फरकसुद्धा चालत नाही. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात तिथून, सांगितलेले फेरे म्हणजे तेवढेच. कंट्रोलवर उभ्या माणसाच्या मानेला रग लागते.

रेशनचंही तसंच. आपली विक्रमादित्य २०१३ साली दाखल झाली तेव्हा नौदलाने जाहीर केलेला हिशेब असा होता: सोळाशेच्या वर माणसं, महिन्याला जवळजवळ एक लाख अंडी, २० हजार लिटर दूध आणि १६ टन तांदूळ, भरलेलं कोठार सुमारे ४५ दिवस पुरतं. तेलावरचं जहाज असो की अणूवरचं, पोट सारखंच. २०२० साली कोरोनामुळे अमेरिकेचं आयझेनहॉवर बंदरांत न जाता दोनशेहून जास्त दिवस सलग समुद्रात राहिलं. पण ते भट्टीच्या जिवावर राहिलं असं म्हणणं अर्धवट आहे. मधल्या काळात पुरवठा जहाजं अन्न, टपाल, सुटे भाग आणि विमानांचं इंधन पोचवत होती.

मग भट्टीचा उपयोग काय? खूप आहे, पण तो तुला वाटतो तिथे नाही.

विमानवाहू जहाज दिवसभर वाऱ्याच्या तोंडाशी धावत असतं. विमान सोडायला आणि उतरवायला डेकवरून वारा वाहावा लागतो, आणि समुद्रावर तो पडलेला असेल तर जहाजानेच वेग घेऊन तो तयार करायचा. आता वेगाचा नियम तुला डिप्लोमात शिकवतीलच: वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. तेलावरच्या जहाजात प्रत्येक धाव म्हणजे टाकीला भगदाड. कॅप्टन वेग मागतो आणि खाली चीफ इंजिनियर मनातल्या मनात टनांचा हिशेब करतो. अणुजहाजात हा हिशेबच नाही. तीस नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर दिवसचे दिवस धावा, एका महासागरातून दुसऱ्यात जा, पोचल्या पोचल्या उड्डाणं सुरू करा.

दुसरा फायदा जागेचा. स्वतःसाठी तेल नको, म्हणजे ती जागा विमानांच्या इंधनाला आणि दारूगोळ्याला, शिवाय सोबतच्या छोट्या जहाजांना पाजायलाही थोडं उरतं. तिसरा फायदा बाहेरच्या माणसाला सुचत नाही: चिमणी नाही. चिमणीच्या गरम धुरामुळे डेकच्या मागची हवा ढवळते आणि उतरणाऱ्या वैमानिकाला ती नेमकी शेवटच्या क्षणी लागते. काजळी विमानांवर, अँटेनांवर, वाळत घातलेल्या ओव्हरऑलवर बसते ती वेगळीच. चिमण्यांचे पाइप बॉयलरपासून वरपर्यंत सगळे मजले फोडत जातात. ते गेले की हँगर मोकळा होतो आणि डेकवरचं आयलंड, म्हणजे ब्रिज असलेली बाजूची इमारत, लहान करता येतं.

गंमत म्हणजे पहिल्या अणुजहाजात, १९६१ च्या एंटरप्राइझमध्ये, तब्बल आठ भट्ट्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या जहाजांना आठ बॉयलर असत. डिझाइन करणाऱ्यांनी बॉयलरच्या जागी भट्टी ठेवली आणि मांडणी तशीच ठेवली. वाफवाल्या माणसाला हे बघून फार बरं वाटतं. निमिट्झपासून दोनवर आले.

आणि सगळ्या देशांचं पंचवीस वर्षांचं गणितही एक नाही. अमेरिका ९० टक्क्यांच्या वर समृद्ध केलेलं (जळणाऱ्या जातीच्या युरेनियमचं प्रमाण वाढवलेलं), म्हणजे जवळपास बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम वापरते, म्हणून तेवढं चालतं. फ्रान्सचं चार्ल्स द गॉल २००१ साली सेवेत आलं. त्यात कमी समृद्ध इंधन आहे, आणि २००७-०८ मध्ये व पुन्हा २०१७-१८ च्या मोठ्या दुरुस्तीत ते बदलावं लागलं. म्हणजे दहाएक वर्षांनी. इंधन बदलणं म्हणजे झाकण उघडून नवं घालणं असं समजू नकोस. जहाजाचं पोट कापून भट्टीपर्यंत जावं लागतं आणि त्यासोबत बाकीचं जहाजही उलटंपालटं करतात. अमेरिकेत ठरवलेली मुदत चारेक वर्षं असते. जॉर्ज वॉशिंग्टन २०१७ ला गेलं ते २०२३ ला बाहेर आलं.

आता किरणोत्सर्ग. तू राजापूरचा, माडबनजवळचा, म्हणजे जैतापूरची चर्चा लहानपणापासून कानावर. तो वाद मी इथे आणत नाही, पण आकारातला फरक समज. जैतापूरला ठरलेल्या सहा अणुभट्ट्या प्रत्येकी १,६५० मेगावॅट विजेच्या. तेवढ्या विजेसाठी आत साडेचार हजार मेगावॅटच्या आसपास उष्णता लागते. चार्ल्स द गॉलची एक भट्टी सुमारे १५० मेगावॅट उष्णतेची. तीसपट फरक आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: भट्टीतलं पाणी प्रचंड दाबाखाली, न उकळता फिरतं, स्टीम जनरेटरमध्ये दुसऱ्या पाण्याला उष्णता देतं, त्या दुसऱ्याची वाफ टर्बाइनला जाते. तिसरं पाणी समुद्राचं, कंडेन्सर गार ठेवणारं. हे तीन पाण्याचे फेरे एकमेकांत मिसळत नाहीत.

भट्टीच्या भोवती पोलाद, शिसं, पाणी असे थर असतात, आणि भट्टी चालू असताना त्या कप्प्यात कुणी नसतं. वॉचवाले बाहेरच्या कंट्रोल रूममधून काम करतात, छातीला किंवा पट्ट्याला डोस मोजणारा बिल्ला लावून. अमेरिकन नौदल दरवर्षी हे आकडे छापतं: अणुजहाजांवरच्या माणसांना कामातून मिळणारा सरासरी डोस हा माती, खडक आणि आकाशातून सगळ्यांनाच मिळणाऱ्या डोसपेक्षा कमी भरतो. स्वयंपाकी, विमानवाले, लॉन्ड्रीवाले तर भट्टीजवळ जातही नाहीत. अपघात झाला तर काय, हा प्रश्न मी उडवून लावत नाही. भट्टी धोकादायक आहे म्हणूनच तिच्याभोवती एवढी शिस्त आहे.

पण विमानवाहू जहाजावर माणसं कशाने मेली, ते बघ. १९६७ साली फॉरेस्टल या तेलावरच्या जहाजाच्या डेकवर एक रॉकेट चुकून सुटलं, इंधन पेटलं, बॉम्ब फुटले; १३४ जण गेले. दीड वर्षाने, जानेवारी १९६९ मध्ये, अणूवरच्या एंटरप्राइझवर जवळपास तेच घडलं: विमान सुरू करायच्या यंत्राच्या गरम हवेने रॉकेट तापलं आणि फुटलं, २८ जण गेले. खाली आठ भट्ट्या होत्या, त्यांना काही झालं नाही. म्हणून जहाजावर गेल्यावर पहिलं काय शिकवतात तर आग विझवणं. स्वयंपाकी असो, कारकून असो, होज धरता आलाच पाहिजे. अंधारात, धुरात, मुखवटा लावून आपल्या बंकपासून वरच्या डेकपर्यंत हाताने चाचपत जाता आलं पाहिजे. मी आजही नवीन इमारतीत गेलो की आधी जिना शोधतो.

राहण्याबद्दल तू वेगळं विचारलं नाहीस, पण नेव्हीत यायचं म्हणतोस तर विचारायला हवं होतंस. मोठ्या अमेरिकन जहाजावर चार-पाच हजार माणसं. झोपायला एकावर एक तीन बंक, मधे पडदा, सामान गादीखालच्या पत्र्याच्या खणात. जुन्या निमिट्झ वर्गात एकेका हॉलमध्ये शंभराच्या वर माणसं झोपतात. नव्या जेराल्ड फोर्डवर, जे २०१७ साली दाखल झालं, हे हॉल लहान केलेत आणि एकूण माणसंही काही शे कमी लागतात. फ्लाइट डेकच्या थेट खाली बंक मिळालं तर डोक्यावर विमानं आदळतात. आपल्याकडे विक्रांतमध्ये सुमारे २,३०० कप्पे आहेत आणि स्त्री अधिकारी-खलाशांसाठी वेगळ्या केबिन पहिल्यापासून डिझाइनमध्ये धरल्या आहेत. आमच्या वेळी तो विषयच नव्हता.

वाफेच्या जहाजावर सगळ्यात मोठा वाद पाण्याचा. इव्हॅपोरेटर समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, पण पहिला हक्क बॉयलरचा. बॉयलरला शुद्ध पाणी नाही मिळालं तर नळ्या जातात, म्हणून तो पिणार, मग गॅली म्हणजे स्वयंपाकघर, मग आम्ही. अंगाला साबण लावला आणि पाणी गेलं, असं कितीदा झालं. निमिट्झवर दिवसाला चार लाख गॅलन, म्हणजे १५ लाख लिटर गोडं पाणी तयार होऊ शकतं. पण तिथेही ते सगळं नळाला येत नाही. वाफेचं कॅटापुल्ट, म्हणजे डेकवरून विमान फेकणारं यंत्र, एका विमानामागे सुमारे ६०० किलो वाफ हवेत सोडून देतं. ती परत येत नाही, तेवढं पाणी पुन्हा करा. फोर्डवर विजेचं कॅटापुल्ट बसवलं, त्याचं हे एक कारण. विजेच्या कॅटापुल्टला अणुभट्टीच लागते असंही नाही. चीनचं फुजियान तेलावर चालतं आणि त्यावर तेच तंत्र आहे.

संडासाचं हसू नकोस. फोर्डवर विमानातल्यासारखी हवेने ओढणारी यंत्रणा आहे. माणसांच्या मानाने नळ्या अरुंद पडल्या. त्या तुंबतात म्हणून वरचेवर आम्लाने धुवाव्या लागतात, आणि एका धुण्याचा खर्च सुमारे चार लाख डॉलर, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये लिहून ठेवलंय. तेरा अब्ज डॉलरच्या जहाजाचा दिवस कशावर खराब होतो ते बघ.

दिवस म्हणजे वॉच, काम, जेवण, झोप, परत वॉच. इंजिन रूमचा माणूस आठ-आठ दिवस ऊन बघत नाही. वर डेकवर मात्र नुसते रंग: पिवळ्या जर्सीवाला विमान हलवतो, जांभळा इंधन भरतो, लाल दारूगोळा आणि आग, हिरवा कॅटापुल्ट आणि उतरणारं विमान अडवणाऱ्या तारा, निळा चाकांना अडण्या आणि साखळ्या, तपकिरी विमानाची काळजी, पांढरा सुरक्षा. आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून रंग आणि हातवारे. अमेरिकन जहाजांवर १९१४ पासून दारूबंदी आहे. सलग ४५ दिवस समुद्रात काढले तर माणशी दोन बिअर मिळतात. आमच्याकडे बडा खाना असायचा, आणि कोकणातल्या पोरांचं खरं दुखणं म्हणजे चतुर्थीची रजा. मेसमध्ये चार मालवणी, दोन गुहागरचे, सगळ्यांना एकाच आठवड्यात घरी जायचं. रजा कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, यावरून पुढचे महिनाभर अबोला.

एक गोष्ट लोक उलटी समजतात. जहाजावरचे सगळ्यात वाईट दिवस समुद्रातले नसतात, गोदीतले असतात. समुद्रात काम असतं, लय असते. गोदीत जहाज उघडं पडलेलं, रात्रंदिवस ग्राइंडर, एसी बंद, पाणी बंद, आणि तरुण पोरं त्यातच राहतात. वर ज्या जॉर्ज वॉशिंग्टनचं सांगितलं, त्याच्या इंधनबदलाच्या काळात २०२२ साली एका आठवड्यात तीन खलाशांनी जीव दिला, आणि त्यानंतर शेकडो जणांची राहायची सोय जहाजाबाहेर केली गेली. पंचवीस वर्षं तेल नको म्हणताना ही मधली वर्षंही हिशेबात धर.

आता विक्रांत. धोरण काय ठरलं, कुणी काय मागितलं, ते दिल्लीतल्यांना ठाऊक. मी इंजिनवाल्याचा हिशेब मांडतो, तूही वहीवर करून बघ. विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली: २६२ मीटर, सुमारे ४५ हजार टन, चार गॅस टर्बाइन मिळून ८८ मेगावॅट, वेग २८ नॉट, पल्ला साडेसात हजार सागरी मैल. चार्ल्स द गॉल जवळपास त्याच आकाराचं, ४२ हजार टन. त्याच्या दोन भट्ट्यांची मिळून ३०० मेगावॅट उष्णता, त्यातून शाफ्टला साठेक मेगावॅट मिळतात. बाकी वीज, कॅटापुल्टची वाफ, आणि कंडेन्सरमधून समुद्रात जाणारी उष्णता. म्हणजे पाच भाग उष्णतेमागे शाफ्टला एक भाग. याच प्रमाणात विक्रांतच्या ८८ साठी चारशेच्या वर उष्णता हवी. आपल्या अरिहंत पाणबुडीतली भट्टी ८३ मेगावॅट उष्णतेची आहे. एका जहाजात तशा पाच बसवणार? एंटरप्राइझची आठ भट्ट्यांची कहाणी पुन्हा. नाहीतर नवी मोठी भट्टी आधी जमिनीवर बांधायची, चालवायची, मग जहाजात घालायची. ते न होण्यासारखं नाही, पण वर्षं लागतात, आणि तीच माणसं पाणबुड्यांनाही हवी आहेत. अमेरिकेत भट्टीवरचा साधा खलाशी जहाजावर पोचण्याआधी दीड-दोन वर्षं नुसता शिकत असतो.

शिवाय आपलं काम कुठलं, ते बघ. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, मलाक्कापर्यंत. घर जवळ, कारवार जवळ, पुरवठा जहाजं आपली. साडेसात हजार मैलांचा पल्ला इथे पुरतो. उद्या प्रशांत महासागरात महिनोन् महिने राहायचं ठरलं, ६५ हजार टनांचं जहाज आणि कॅटापुल्ट हवं झालं, तर माझं उत्तर बदलेल. माझं मत विचारशील तर त्याच पैशात आधी तिसरं जहाज घ्यावं. दोनातलं एक दुरुस्तीला गेलं की हातात एकच उरतं, आणि ते अणूवर चालतं की तेलावर हा प्रश्न मग फार मागे पडतो. (आमची विराट निवतीजवळ आणून संग्रहालय करायचं २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं होतं. झालं असतं तर तुला हे सगळं हात लावून दाखवलं असतं. ती शेवटी आलंगला तुटली.)

तुझ्या भरतीचं सांगतो. डिप्लोमावाल्यांना अग्निवीर एसएसआरच्या, म्हणजे नौदलाच्या खलाशी भरतीच्या, जाहिरातीत मेकॅनिकलसह काही शाखांसाठी वाट ठेवलेली असते, पण अटी आणि वय दर वेळी बदलतं, तेव्हा जाहिरात स्वतः वाच आणि पैसे मागणाऱ्या कुठल्याही माणसाला उभा करू नकोस. इंजिनवाल्यांचं शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत होतं. भट्टीच हवी असेल तर आज तरी पाणबुडीशाखेचाच रस्ता आहे, आणि तिथे नाव स्वतःहून द्यावं लागतं. तोवर थर्मोडायनॅमिक्समध्ये वाफेचा तक्ता पाठ न करता वापरायला शीक, आणि खाडीत पोहता येत असलं तरी तरणतलावात एकदा नीट पोहून बघ. चाचणी तिथे होते, आणि खाऱ्या पाण्यात तरंगणारी आपली पोरं गोड्या पाण्यात जड होतात.